मोसमी वाऱ्यांचे पाहुणे

सह्याद्रीची उंच रांग आणि अरबी समुद्र यांच्या मधोमध कोकणची चिंचोळी पट्टी पसरली आहे. तिच्या दक्षिण भागात सिंधुदुर्ग जिल्हा आहे. विजयदुर्ग, देवगड, आचरे, मालवण, निवती, वेंगुर्ले आणि रेडी ही बंदरे त्याच्या किनाऱ्यावर एकामागून एक वसलेली आहेत. पूर्वेकडे घाट चढून जाणे कष्टाचे आणि पश्चिमेकडे तर अथांग पाणी! नकाशा पाहणाऱ्यास वाटावे की, हा प्रदेश दोन्ही बाजूंनी कोंडलेला असावा. इतिहास मात्र निराळेच सांगतो. प्राचीन काळी समुद्र हाच या भूमीचा हमरस्ता होता. त्या रस्त्याने दूर देशींची गलबते येथे येत, येथील लोकांशी देवघेव करीत आणि ठरल्या वेळी परत जात. ही ये-जा कोणाच्या आज्ञेने चालत नसे. तिचा खरा सूत्रधार वारा हा होता.

उन्हाळ्यात जमीन लवकर तापते. समुद्राचे पाणी तितक्या लवकर तापत नाही. तापलेल्या भूमीवरील हवा हलकी होऊन वर चढते आणि तिची जागा घेण्यासाठी समुद्रावरील बाष्पयुक्त हवा नैर्ऋत्येकडून भूमीकडे धाव घेते. हाच आपला पावसाळी वारा. हिवाळ्यात याच्या उलट घडते. जमीन लवकर निवते, समुद्र उबदार राहतो आणि वारे ईशान्येकडून समुद्राकडे वाहू लागतात. असा वर्षातून दोनदा दिशा बदलणारा वारा शिडाच्या जहाजास मोठा उपकारक ठरला. एका ऋतूत त्याने परदेशी गलबत भारताच्या किनाऱ्यास आणावे आणि दुसऱ्या ऋतूत तेच गलबत मालाने भरून स्वदेशी पोहोचवावे, असा हा निसर्गाचा क्रम होता. ऋतू या अर्थाच्या 'मौसिम' या अरबी शब्दावरूनच या वाऱ्यांना मोसमी वारे हे नाव मिळाले.

परंतु या वाऱ्याचा उपयोग करून घेण्यास नेमका काळ साधावा लागे. आषाढात समुद्र खवळलेला असतो. त्या दिवसांत किनाऱ्याजवळ येणे म्हणजे मृत्यूलाच आमंत्रण. म्हणून अरबस्तानाकडील नाखवे पावसाळ्याचा जोर ओसरण्याच्या सुमारास या किनाऱ्यास पोहोचतील अशा बेताने निघत. श्रावणात नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ अर्पण करून कोकणचे कोळी आणि गाबीत पुन्हा होड्या पाण्यात लोटतात. पाहुण्यांची गलबते दिसू लागण्याचा काळही त्यानंतर लवकरच येई. मस्कतपासून मालवणपर्यंतचे अंतर सरळ रेषेत मोजले, तरी ते दीड हजार किलोमीटरांहून अधिक भरते. एवढ्या प्रवासात दिशा चुकू नये म्हणून दर्यावर्दी ध्रुवताऱ्याचा आधार घेत. गाठी मारलेली दोरी लावलेली एक लहानशी लाकडी फळी ते डोळ्यांसमोर धरीत आणि तारा क्षितिजापासून किती उंच आहे ते मोजीत. या साधनास अरब लोक 'कमाल' म्हणत. मालवण सुमारे १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथून ध्रुवतारा क्षितिजाच्या वर सुमारे १६ अंशांवर दिसतो. दक्षिणेकडे जावे तसा तो खाली उतरतो. या एका खुणेवरून कुशल नाखवा आपले बंदर ओळखी.

बंदर दिसले म्हणजे संकट टळले असे मात्र नव्हे. वेंगुर्ल्यासमोरील समुद्रात खडकांचा मोठा पुंजका आहे आणि मालवणच्या आसपास पाण्याखाली दडलेले कातळ आहेत. भरतीच्या वेळी ते दिसत नाहीत. कोणत्या वाटेने गलबत आत घ्यावे हे तेथील मच्छीमारांनाच ठाऊक. त्यामुळे कितीही धनवान व्यापारी असला, तरी बंदरात शिरताना त्याला येथील साध्या माणसाच्या ज्ञानावर भिस्त ठेवावी लागे. गोड्या पाण्याची गरजही तशीच मोठी. चारी बाजूंनी खाऱ्या पाण्याने वेढलेल्या सिंधुदुर्गाच्या बेटावर दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. त्यांची गोड नावे ऐकली म्हणजे समुद्रावर राहणाऱ्या माणसास अशा पाण्याचे मोल काय वाटत असेल, याची कल्पना येते. या बेटाजवळच्या समुद्रात संशोधकांना जुने दगडी नांगरही सापडले आहेत. लोखंडी नांगर सर्रास वापरात येण्यापूर्वी भोके पाडलेल्या जड शिळेस दोर बांधून गलबत थांबवीत असत, त्याची ही साक्ष होय.

या व्यापाराची सर्वांत बोलकी साक्ष मात्र समुद्रात नाही. ती तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली आहे. विजयदुर्गच्या खाडीने बरेच आत गेल्यावर खारेपाटण हे गाव लागते. आज तेथे मोठी गलबते येत नाहीत. पण एके काळी ते नामांकित बंदर होते. घाटावरून उतरणारा माल आणि समुद्रावरून येणारा माल यांची तेथे गाठ पडे. या गावी शिलाहार वंशातील रट्टराज या राजाचा शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ मधील ताम्रपट मिळाला. त्यातील संस्कृत लेखाचे वाचन प्रथम प्रसिद्ध करण्याचा मान 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकर यांच्याकडे जातो. बाळशास्त्रींचा जन्म याच भागातील पोंभुर्ले गावी झाला होता. आपल्याच परिसरातील आठशे वर्षांपूर्वीचा लेख एका विद्वान सुपुत्राने उलगडून दाखवावा, हा सुंदर योगायोगच म्हटला पाहिजे.

रट्टराजाच्या पित्याने अव्वेश्वराचे देवालय बांधले होते. त्या देवालयातील पूजा, इमारतीची डागडुजी आणि तेथील तपस्व्यांचे अन्नवस्त्र यांसाठी राजाने काही गावे दान दिली. परंतु तेवढ्यावर तो थांबला नाही. परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबताकडून सोन्याचा एक गद्याण आणि किनाऱ्याकिनाऱ्याने येणाऱ्या गलबताकडून सोन्याचे एक धरण देवालयास मिळावे, अशीही त्याने व्यवस्था लावून दिली. चेमूल्य म्हणजे चौल आणि चंद्रपूर म्हणजे गोव्यातील चांदर येथील गलबते मात्र त्यातून वगळली होती. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तील कोष्टकाप्रमाणे दोन धरणांचा एक गद्याण होतो आणि एका गद्याणात ४८ गुंजा भरतात. म्हणजे दूरच्या पाहुण्यावर दुप्पट आणि जवळच्यावर निमपट, असा हा हिशेब झाला.

या एका दानलेखातून केवढा अर्थ निघतो! एखाद्या देवालयाचा नित्याचा खर्च ज्या उत्पन्नावर सोपवावयाचा, ते उत्पन्न भरवशाचेच असले पाहिजे. परदेशी गलबते कधीमधी चुकून येत असती, तर राजाने त्यांच्यावर देवाची पूजा अवलंबून ठेवली नसती. दरवर्षी वारा फिरणार, दरवर्षी शिडे दिसणार आणि दरवर्षी सोने मिळणार, ही खात्री असल्यावाचून असा लेख कोरला जात नाही. शिवाय कर ठरलेला होता. गलबत पाहून मन मानेल तसा तो आकारावयाचा नव्हता. परदेशी व्यापाऱ्यास किती द्यावे लागेल हे आधीच माहीत असे. ठरलेला दर आणि पाळलेला शब्द, या दोन गोष्टींवर बंदराचा लौकिक अवलंबून असतो.

हे परदेशी लोक येथून काय नेत? मलबार आणि कोकण या किनाऱ्यांवरून मिरी, सुपारी, तांदूळ, सुती कापड आणि सागाचे लाकूड पश्चिमेकडे जाई. तिकडून खजूर, मोती, ऊद, तांबे आणि घोडे येत. पश्चिमेकडील रुक्ष देशांत जहाजास योग्य असे लाकूड दुर्मिळ होते. म्हणून तेथील जहाजांना भारताच्या सागाची गरज लागे. ती जहाजे बांधण्याची रीतही मोठी नवलाची होती. फळ्यांच्या कडांना भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने एकमेकींस शिवीत. फळ्या जोडण्यास लोखंडी खिळे वापरीत नसत. नारळाची सोडणे खाडीच्या पाण्यात कुजत घालून, मग ती कुटून काथ्या काढतात. हा काथ्या खाऱ्या पाण्यात लवकर सडत नाही. शिवलेले गलबत लाटेच्या तडाख्याने किंचित लवते. खडकावर किंवा वाळूवर आपटले, तरी सहसा लगेच फुटत नाही. दहाव्या शतकाच्या आरंभी सिराफ येथील अबू झैद याने लिहून ठेवले आहे की, ओमानचे लोक नारळाच्या बेटांवर जात, तेथेच माडाच्या खोडाचे जहाज, सोडणाचे दोर आणि झावळ्यांचे शीड करीत आणि त्यात नारळच भरून घरी परतत. एका माडावर सारी सफर!

वाऱ्यावर अवलंबून असलेल्या या व्यापाराचा आणखी एक परिणाम झाला. गलबत आले, माल विकला आणि दुसऱ्या दिवशी परतले, असे करणे शक्यच नव्हते. परतीचा वारा सुटेपर्यंत कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने, बंदरातच मुक्काम करावा लागे. इतके दिवस राहावयाचे म्हणजे परस्परांची भाषा थोडीबहुत शिकणे आले, अन्नाची चव समजून घेणे आले, एकमेकांच्या देवधर्माचा मान राखणे आले. काहींनी येथेच संसार थाटले. अल् मसूदी हा अरब प्रवासी इसवी सन ९१६ च्या सुमारास चौल बंदरात आला, तेव्हा तेथे शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथील सुमारे दहा हजार मुसलमान तेथे राहत असल्याचे त्याने नमूद केले आहे. त्यांच्या आपसांतील व्यवहारांचा निवाडा त्यांच्यातलाच एक प्रमुख करी. उत्तर कोकणात संजाण येथे तर राष्ट्रकूटांच्या वतीने महंमद नावाचा एक ताजिक, म्हणजे अरब, अधिकारी कारभार पाहत होता. लोक त्याला मधुमती म्हणत. त्याने नदीवर फुकट तरीची सोय केली आणि भात, कालवण व तूप मिळेल असे अन्नसत्र उघडले, अशी हकीकत चिंचणी येथे सापडलेल्या शके ८४८, म्हणजे इसवी सन ९२६ मधील ताम्रपटात आढळते. परक्या मुलखातून आलेला मनुष्य येथील वाटसरूंच्या पोटाची काळजी वाहू लागला, हे या दीर्घ सहवासाचेच फळ होय.

या देवघेवीचा ठसा भाषेवर आजही उमटलेला दिसतो. बंदर हा शब्द फारसी. 'नाव' आणि 'खुदा' म्हणजे धनी यांपासून झालेला नाखुदा आपल्याकडे नाखवा झाला. खलाशी आणि सुकाणू हे शब्द अरबीतून आलेले आहेत. उलट दिशेनेही शब्दांचा प्रवास झाला. आपला नारिकेल अरबीत नारजील झाला, साग तेथे साज झाला आणि पिप्पलीपासून मिरीचे फुल्फुल हे नाव निघाले. चिंचेला तर अरबांनी 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असे नाव दिले.

पश्चिमेप्रमाणे पूर्वेकडील द्वीपांशीही आपला संबंध होता. आज इंडोनेशिया या नावाने ओळखल्या जाणाऱ्या द्वीपसमूहातून लवंग आणि जायफळ येत असे. कालिदासाच्या 'रघुवंशा'त द्वीपांतराहून येणाऱ्या लवंगेच्या फुलांचा उल्लेख आहे. कोकणच्या वाड्यांना शोभा देणारी पोफळही मूळची आग्नेय आशियातील. मालवणच्या बाजूस लहान होडी उलटू नये म्हणून तिच्या एका अंगाला आडव्या दांड्यांनी एक लाकूड बांधतात. त्याला उलांडी म्हणतात. ही युक्ती मुळात पूर्वेकडील द्वीपवासी दर्यावर्दींची आहे, असे नौकाविद्येचे अभ्यासक मानतात.

याच इंडोनेशियन दर्यावर्दींची एक कथा कोकणच्या कथेशी आश्चर्यकारक रीतीने जुळते. सुलावेसी बेटावरील मकासर बंदरातून दरवर्षी डिसेंबरच्या सुमारास वायव्येचा मोसमी वारा धरून गलबतांचे तांडे निघत आणि ऑस्ट्रेलियाच्या उत्तर किनाऱ्यावरील आर्न्हेम प्रदेशात पोहोचत. हे अंतरही दीड हजार किलोमीटरांच्या पुढेच आहे. अठराव्या शतकात ही ये-जा नियमित चालू होती. तेथील उथळ समुद्रात समुद्रकाकडी नावाचा मऊ अंगाचा जीव सापडतो. तो उकडून, वाळवून, धुरी देऊन टिकवीत आणि चीनमध्ये त्यास चांगली किंमत येई. मकासरचे लोक किनाऱ्यावर सुमारे चार महिने राहत आणि आग्नेयेचा वारा सुटला की परतत. त्या भूमीचे मूळ रहिवासी योल्ङु लोक त्यांना आपल्या समुद्रात काम करू देत, स्वतः त्यांना साहाय्य करीत आणि बदल्यात लोखंडी कुऱ्हाडी, कापड, तांदूळ आणि तंबाखू घेत. एका लाकडातून कोरलेली होडी आणि तिचे नाव त्यांनी पाहुण्यांकडूनच घेतले. काही योल्ङु मकासरपर्यंत जाऊनही आले. भांडणे झालीच नाहीत असे नाही. तरीही पिढ्यान्‌पिढ्या हा संबंध टिकला. पाहुण्यांच्या जुन्या तळांच्या जागी आजही चिंचेची झाडे उभी आहेत. अरबांनी ज्या झाडाच्या फळाला हिंदुस्थानचे नाव दिले, तेच झाड मकासरच्या खलाशांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर रुजविले.

दोन्ही किनाऱ्यांना जोडणारा आणखी एक शब्द आहे. योल्ङु लोक गोऱ्या माणसास 'बालंदा' म्हणतात. हॉलंडर, म्हणजे हॉलंडचा रहिवासी, या शब्दाचे हे रूप मकासरच्या खलाशांनी तेथे नेले. मराठी कागदपत्रांत याच डच लोकांना 'वलंदेज' म्हटले आहे. त्यांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्यास आपली वखार घातली होती. हजारो कोसांचे अंतर असलेल्या दोन किनाऱ्यांवरील लोकांनी एकाच पाहुण्याला आपापल्या जिभेस रुचेल असे नाव दिले!

जुन्या काळी समुद्रावर सारे सुखच होते, असे मात्र समजू नये. पश्चिम किनाऱ्यावरील चाच्यांच्या तक्रारी रोमन लेखक प्लिनीपासून मार्को पोलोपर्यंत अनेकांनी केल्या आहेत. वादळाने कित्येक गलबते बुडत. तथापि एक गोष्ट सर्वसाधारणपणे पाळली जाई. राजा जकात घेई ती आपल्या बंदरात. भर समुद्रातून जाण्यासाठी कोणाचा परवाना लागत नसे. वारा जसा कोणाच्या मालकीचा नाही, तसाच समुद्रही नाही, अशी समजूत रूढ होती.

१४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला आला आणि १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवे घेतले. त्यानंतर हे चित्र पालटले. पोर्तुगिजांनी प्रत्येक गलबतास 'कार्ताझ' नावाचा परवाना घेणे भाग पाडले. गलबत कोठे जाणार, त्यात कोणता माल असणार, हे सारे त्यात लिहिलेले असे आणि पोर्तुगिजांच्या बंदरात जाऊन जकात भरावी लागे. परवाना नसलेले गलबत ते जप्त करीत. ज्या समुद्रावर पिढ्यान्‌पिढ्या आपले बापजादे वावरले, तेथेच परक्याच्या कागदावाचून जाता येऊ नये, ही गोष्ट किनाऱ्यावरील लोकांना किती झोंबली असेल! ऑस्ट्रेलियातही शेवट असाच झाला. १८८० नंतरच्या दशकात तेथील सरकारने मकासरच्या गलबतांवर परवाना आणि कर लादला. पुढे १९०६ मध्ये परवाने देणेच बंद केले आणि १९०७ नंतर ती शिडे पुन्हा दिसली नाहीत. योल्ङु लोकांचे मत कोणी विचारले नाही.

शिवाजी महाराजांनी या बदललेल्या परिस्थितीचे मर्म ओळखले. ज्याचे समुद्रावर बळ नाही, त्याचा किनारा त्याच्या हाती राहत नाही, हे जाणून त्यांनी १६६४ मध्ये मालवणसमोरील कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला आणि आरमार उभारले. परंतु त्यांची दृष्टी केवळ लढाईपुरती नव्हती. महाराजांच्या ताब्यातील बंदरांतून दरवर्षी इराण, बसरा आणि मोखा येथे व्यापारी गलबते जात, असे १६६५ मधील इंग्रजांच्या एका पत्रात नमूद आहे. तोफांच्या संरक्षणात का होईना, जुनी वाट त्यांनी चालू ठेवली.

शिडांचा जमाना आता मागे पडला आहे. यांत्रिक जहाजांना वाऱ्याची वाट पाहावी लागत नाही. त्यांचा माल काही तासांत उतरतो आणि खलाशांना बंदरातील माणसांची तोंडओळखही होत नाही. वेग वाढला ही गोष्ट हिताचीच आहे. परंतु परतीच्या वाऱ्यासाठी थांबलेल्या त्या जुन्या पाहुण्यांनी आणि त्यांना गोडे पाणी देऊन खडकांतून वाट दाखविणाऱ्या कोकणच्या माणसांनी जे साधले, ते वेगाने साधण्याजोगे नव्हते. भिन्न देशांची, भिन्न धर्मांची आणि भिन्न भाषांची माणसे परस्परांची गरज ओळखून, ठरलेला शब्द पाळून, दीर्घकाळ एकमेकांशेजारी नांदू शकतात, हे त्यांनी दाखवून दिले. खारेपाटणच्या ताम्रपटाने ही साक्ष हजार वर्षे जपून ठेवली आहे.